मंजुळाबाईंचं जात्याचं पुस्तक

मंजुळाबाई धुळ्यात मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या, मी हिंदी. बाईंचं लग्न झालं नव्हतं, आणि पारोळ्याजवळच्या गावी धाकट्या भावाचा, पंडितचा, संसार ह्यांच्याच जिवावर चालायचा. कशाला ओढताय, विचारलं की हसायच्या. असल्या हसण्याचा मला संताप येतो.

आई गेल्यावर पंडितनं तिचं जातं फोडून मोरीच्या पायात घालायचं ठरवलं. घरात आता चक्कीचं पीठ ना! बाईंनी दगड मागितला, तर म्हणे, भाड्याच्या खोलीत धोंडा कुठं ठेवशील? शेवटी बाईंनी दगडावर कागद अंथरले आणि कोळशानं घासून पाथरवटाच्या टाकीचे घाव तेवढे उतरवून आणले.

त्याचं त्यांनी पुस्तक केलं. कागदसुद्धा हातचा, आईच्या लुगड्यांच्या चिंध्या कुजवून केलेला. गोल पानं, मधोमध बाभळीची खीळ. ते उघडायचं नाही, जात्यासारखं फिरवायचं. पान सरकलं की खालून आईची एखादी ओवी दिसायची. मुंबईच्या एका प्रदर्शनानं ते निवडलं. बाईंचं काम पहिल्यांदाच धुळ्याबाहेर जाणार होतं.

त्याआधी श्रावणात कानबाई आली, खानदेशात घरोघरी एका रात्रीपुरती बसवतात ती नारळाची देवी. ९१ साल असेल. पंडितनं एकदा तरी बघावं म्हणून बाई पुस्तक घेऊन गावी निघाल्या, मीही गेले. मेल्यानं डोळ्यांत पाणी आणलं. "मायनं जातं शे हाई," आईचं जातंच हे, म्हणाला, आणि नेऊन ठेवलं कानबाईच्या चौरंगावर. वर हळदकुंकू! बाईंचा चेहरा उतरला. पण देवीपुढून वस्तू उचलायची कशी? उद्या विसर्जन झालं की घेऊ, म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी डफ वाजवत सगळे नदीवर गेले. भावजयीच्या डोक्यावर कानबाई, पंडितच्या हातात निर्माल्याचं टोपलं. त्यानं ते गढूळ पाण्यात उपडं केलं, तेव्हा फुलांखालून पुस्तक निघालं. देवीपुढचं घरात ठेवायचं नसतं, एवढंच त्याला माहीत. बाई लुगड्यानिशी पाण्यात धावल्या. हाती नुसता लगदा आला.

लोक आमच्याकडे कौतुकानं बघत होते. पंडितचा ऊर भरून आला होता.

"नशीबवान शे तुन्हं पुस्तक, अक्का," तो म्हणाला. "पुढला सालले दुसरं कर. ते बी कानबाईपुढे ठेऊत."

बाईंनी पदराला हात पुसले आणि "बरं" म्हणाल्या.