उशिरा झडणारं झाड

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील, पण आमच्या घरातल्या ढेकीपर्यंत ते आलेलं नव्हतं. पायाने लाकूड दाबायचं, ते उखळात आदळायचं, धान कांडलं जायचं. तेवढं झालं की गोठा, मग पाणी, मग शेतावरच्या माणसांची आंबील. मी आरमोरीची, चार यत्ता शिकलेली, लग्न होऊन कुरखेड्याकडच्या त्या खेड्यात आलेली. या घरात बसलेली बाई म्हणजे आजारी बाई, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. मग मी आजारी पडूनही पाहिलं. सासूबाईंनी काढा दिला, इतका कडू की मी लगेच बरी झाले.

सासूबाई वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर भांडून मोकळी झाले असते. त्या स्वतः माझ्या दुप्पट राबत आणि माझे हात रिकामे दिसले की त्यांत काहीतरी ठेवत, सूप, शेंगा, जावेचं पोर, जे जवळ असेल ते. प्रेमानेच ठेवत. मला मात्र अंथरुणावर पडल्यावर वाटायचं, आपल्याला कोणीतरी पोत्यात भरून तोंड शिवून टाकलंय.

चैत्र लागता लागता मोहाची फुलं झडू लागली. कुठलं झाड कोणाच्या घरचं, हे गावात ठरलेलं असे. आमची तीन झाडं. दोन पहाटेच झडून मोकळी होत, बायका उजाडताच फुलं वेचून परतत. तिसरं नाल्यापलीकडे, जंगलाच्या कडेला, आणि भलतं आळशी. ऊन चढेपर्यंत एकेक फूल टाकत राही. मोठी जाऊ म्हणाली, "त्या झाडापाशी कोन बसन तेवढा येळ?" मी चेहरा पाडून म्हणाले, मी बसते. उपकार केल्यासारखं. आतून नुसत्या आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

तिथे करण्यासारखं काही नसे, हेच त्या जागेचं सुख. झाडाखालची जमीन खराट्याने झाडून ठेवायची, फूल पडलं की उचलायचं, नाही पडलं तर वाट पाहायची. पहिले काही दिवस मी उगाच टोपली इकडची तिकडे करत होते. मग एका सकाळी पाय पसरून बसले आणि फूल पडल्याचा आवाज ऐकला. टप्. बराच वेळ काही नाही. मग पुन्हा. एक फूल तोंडात टाकलं, गोड, जरासं उग्र, आणि मला हसू आलं. एकटीलाच, चांगलं मोठ्याने. लग्न झाल्यापासून मी अशी हसले नव्हते.

मग अस्वल आलं. म्हणजे ते मला कधी दिसलं नाही, दिसली ती पावलं. रात्री येऊन मोहफुलं खाऊन जाई. झाडलेल्या मातीत माणसाचं असावं तसं पाऊल, फक्त पुढे नखांची ओळ. घरचा नियम सरळ होता. अस्वल येतं ते झाड त्या वर्षी सोडायचं. शेजारच्या गावातल्या एका बाईचा अर्धा चेहरा अस्वलाने ओरबाडला होता, तिला मी बाजारात पाहिलं होतं. मी कितीतरी वेळ त्या पावलांकडे पाहत उभी राहिले. मग खराटा घेतला आणि ती झाडून टाकली.

पुढे रोज तेच. आधी पावलं पुसायची, मग बसायचं. भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू? पाचोळा वाजला की मी खराटा हातात घेऊन उभी राहायचे. पण झाड सुटलं तर दिवसभर घरातच, आणि त्याची भीती जास्त होती.

एके दिवशी घरी पाहुणे आले म्हणून सासूबाई स्वतःच मला बोलवायला आल्या. खोडामागचं एक पाऊल माझ्या नजरेतून सुटलं होतं. नेमकं तेच त्यांना दिसलं. त्यांनी पावलाकडे पाहिलं, मग खराट्याकडे, मग त्या स्वच्छ झाडलेल्या जमिनीकडे.

"किती दिवसांपासून येऊन राह्यलं हे?"

मी टोपली उचलली.

"काऊन नाई सांगतलं?"

"झाड सोडा लागलं असतं."

"मंग सोडाचं. मोहासाठी कोनी जीव देते काय?"

"मोहासाठी नाई, बाई," मी म्हणाले. "इथी बसाले भेटते."

त्यांना ते उमगायला वेळ लागला. मग हळूच म्हणाल्या, "आमच्यापेक्षा अस्वल बरं वाटलं काय तुले?"

नाही म्हणायला हवं होतं. मी समोर पडलेलं एक फूल उचलून टोपलीत टाकलं. त्यांचा चेहरा उतरला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला त्यांची दया आली.

"उद्यापासून हे झाड बंद," त्या म्हणाल्या. "आज बस. तुले वाटन तवरीक. पाहुन्यायचं मोठी पाहून घेते."

त्यांनी एक काठी उचलली आणि जंगलाकडे तोंड करून, माझ्याकडे पाठ फिरवून उभ्या राहिल्या. बसल्या नाहीत.

मी पाय पसरले. फुलं पडत होती, मला एकही ऐकू येत नव्हतं. समोर ती उन्हातली पाठ, आणि सकाळपासून त्यांच्या पोटात अन्नाचा कण नसेल हा विचार. त्यांनी मला वेळ दिला होता आणि तो मला घेता येईना. मी उठले, हाताला येतील ती फुलं भराभर गोळा केली, आणि टोपली अर्धीही भरली नव्हती तरी म्हणाले, "चला बाई, झालं माझं."