चाळीस उंडी

"मॅडम, पंधरा दिवसांत उद्घाटन आहे. झाडं याच रविवारी लागली पाहिजेत," खारघरच्या एका सोसायटीचे चेअरमन मला सांगत होते. फेब्रुवारी संपत आला होता. जागा भरावाची, नुसती रेताड. ओतलेलं पाणी बघता बघता गडप होई.

आर्या, निहार, तुमची आजी सोसायट्यांना बागा लावून द्यायची, त्याही इथल्याच झाडांच्या. वाळूत उंडी चांगली येते. जाड, चकचकीत पानांचं, किनाऱ्यावरचं झाड.

उंडीची चाळीस रोपं हिराबाईंनी वाढवली होती. त्या माझ्या नर्सरीत काम करायच्या. त्यांच्या गावच्या देवळामागची जुनी उंडी रस्त्यासाठी तोडली, त्याआधी त्यांनी तिच्या बिया वेचून ठेवल्या. आता ना ते झाड होतं, ना आणखी बी.

नर्सरीत रोपं जाळीच्या सावलीत वाढतात. बाहेर लावण्याआधी त्यांना रोज थोडं जास्त ऊन दाखवत सवय लावायची, याला हार्डनिंग म्हणतात. त्याला महिनाभर लागतो. आमची रोपं अजून जाळीखालीच होती.

"बाई, पावसापर्यंत थांबा," जागा बघायला सोबत आलेल्या हिराबाई म्हणाल्या. "सावलीतली हायत अजून. दुपारची ही वाळू पाय ठेवू देत नाय."

"मावशी, टेन्शन नका घेऊ," चेअरमन हसले. "सकाळ-संध्याकाळ पाइप लावू. तुमची झाडं काय, तुम्हीपण भिजाल!"

हिराबाई हसल्या नाहीत. त्या माझ्याकडे बघत होत्या.

"वर शेडनेट बांधू," मी म्हणाले. "निभावेल."

उद्घाटनाच्या दिवशी जाळी काढली, फोटोत वाईट दिसते म्हणून. परत बांधायचं मी दोनदा फोनवर सांगितलं. स्वतः गेले नाही; हातात दुसरं काम होतं. एप्रिलमध्ये पाणीकपात झाली आणि सोसायटीने सगळ्यात आधी बागेचं पाणी बंद केलं.

मे महिन्यात आम्ही दोघी गेलो. पानं कागदासारखी वाजत होती. हिराबाईंनी एकेक रोप उपटलं. मुळांवरची वाळू झटकली. मुळं अजून नर्सरीतल्या पिशवीच्याच आकारात गोल होती.

"बाई, भायेर निघालीच नाय ती," एवढंच त्या म्हणाल्या. चाळीसच्या चाळीस रोपं त्यांनी मोजून गोणीत भरली. पावसाळ्यानंतर त्या कामावर आल्या नाहीत.

त्यानंतर कुठल्याही कामाच्या कागदावर मी पहिल्या ओळीत लागवडीचा महिना लिहायचे. क्लायंटला तो मान्य नसेल, तर ते काम घ्यायचे नाही. नियम चांगला आहे. हिराबाईंच्या उंडीला त्याचा काही उपयोग झाला नाही.