चिंचोक्याचा भाव

या प्रकरणी मी जिल्हाधिकाऱ्यांना, विधी खात्याला आणि वर्तमानपत्रांच्या संपादकांना पाठवलेल्या पत्रांच्या कार्बन प्रती माझ्यापाशी आहेत. पोचपावत्याही आहेत. उत्तर मात्र एकच आले: अर्ज वाचला, दप्तरी दाखल केला. त्या पत्रांत जे लिहिता आले नाही, ते इथे लिहितो.

माझे घर साताऱ्याला; सांगलीत मी एका वकिलांकडे कारकून होतो. चीनच्या लढाईनंतरची ती वर्षे. हळदीच्या पेठेमागे एका गुळाच्या वखारीच्या माडीवर पत्त्यांचा क्लब चालत असे. खिडकीकडच्या दोन टेबलांवर तीन पत्ती, आणि त्यावर उघड्या नोटा. जिन्यालगतचे टेबल आमचे. तिथे रमी, पॉइंटाला एक पैसा. तेवढी सुटी नाणी कोणाजवळ नसत, म्हणून मालक वाटीभर चिंचोके देई. एक चिंचोका म्हणजे एक पैसा, आणि उठताना हिशेब. प्रत्येक डावातून मालक चिमूटभर चिंचोके स्वतःकडे ओढी, तो त्याचा कट. नोटांच्या टेबलावरचा एक अडत्या जिना चढताना रोज विचारी, "काय चिंचोकेवाले, झाड कुणी जिंकलं का न्हाई अजून?" आम्ही हसत असू. रमी हा कौशल्याचा खेळ आहे, जुगार नव्हे, असे मी त्याला दर वेळी समजावून सांगत असे. तो ऐकायला थांबत नसे.

माझ्या समोर बसे तो माझा मित्र. सगळे त्याला फौजी म्हणत. पलूसकडचा शेतकरी घराण्यातला. बर्फात डाव्या पायाची दोन बोटे गेली, म्हणून पलटणीने त्याला लवकर घरी पाठवले होते. हात वाईट आला, की तो पहिल्याच फेरीला पाने पालथी ठेवी आणि थोडे चिंचोके देऊन मोकळा होई. मी कधीच हात टाकत नसे. बाजू मांडल्याखेरीज हार मानायची नाही, हे माझे तत्त्व होते, आणि त्यापायी मी बहुधा हरत असे. तो म्हणे, "आवं छोटे वकील, वाईट पानांवर बोलायचं नस्तं. निस्तं पालथं ठिवायचं."

घरचा ऊस थोरला भाऊ बघे. फौजीला त्या पायाने सरीत दिवसभर उभे राहणे जमत नसे, आणि भावजयीने वाढलेले ताट सोसवत नसे. त्याला लोणंदच्या एका धान्याच्या गोदामावर पहारेकऱ्याची जागा मिळणार होती. बायकोचे माहेर लोणंदचे; सासऱ्याने दोन खोल्या देऊ केल्या होत्या. एकच कागद राहिला होता: याच्यावर कोणताही गुन्हा शाबीत नाही, असा पोलिसांचा दाखला. तो मिळावा म्हणून केलेला अर्ज मीच लिहिला होता. त्याचे सगळे अर्ज मीच लिहीत असे. त्या अर्जाची पोच घेऊन तो एका रविवारी दुपारी मला दाखवायला आला, आणि त्याला घरी जायचे असताना आग्रहाने माडीवर नेले, तेही मीच.

त्याच दुपारी धाड पडली.

नोटांच्या टेबलांचा पंचनामा वेगळा झाला. आमच्या टेबलाचा एका वयस्क हवालदाराने लिहिला: पत्त्यांचे दोन जोड, चिंचोके एक वाटी. मी त्याला अडवले. खेळ रमीचा होता आणि पॉइंटाला केवळ एक पैसा होता, हे नमूद करा, अशी मागणी केली. त्याने मान वर केली नाही. "चिंचोकं दिसत्यात, चिंचोकं लिवलं. तुमी गप बसा." मला तो अडाणी वाटला. तो आम्हाला वाचवत होता, हे कळायला मला फार काळ लागला.

दुसऱ्या दिवशी आमच्या वकीलसाहेबांनी पंचनामा वाचला आणि ते चक्क हसले. यात पैसा कुठे आहे, चिंचोक्यांनी खेळणे हा गुन्हा नव्हे, असे ते म्हणाले. गुन्हा कबूल नाही, एवढेच बोलायचे आणि गप्प उभे राहायचे. मग माझ्याकडे रोखून पाहत त्यांनी विचारले, "तुला जमेल?" मी जमेल म्हणालो.

कोर्टात फौजी इस्त्रीचा सदरा घालून माझ्या शेजारी उभा होता. आम्ही दोघांनी गुन्हा नाकबूल केला. तिथवर सर्व ठीक होते. मग सरकारतर्फे बोलणाऱ्या गृहस्थांनी आम्हाला 'हे अट्टल जुगारी' असे म्हटले.

तो शब्द मला गिळता आला नाही. फौजीने माझी बाही ओढली, ते मला जाणवले, आजही जाणवते. मी बोललो. कौशल्य आणि नशीब यांतला कायद्याने मानलेला भेद मी मांडला. अट्टल जुगारी पॉइंटाला एका पैशावर खेळतात काय, असा सवालही केला. मॅजिस्ट्रेटांनी शांतपणे ऐकून घेतले. कोणीही न अडवता मला इतका वेळ बोलू दिल्याचा तो माझ्या आयुष्यातला एकमेव प्रसंग.

"म्हणजे चिंचोक्यामागे पैसा होता," ते म्हणाले.

"एकच. आणि खेळ कौशल्याचा..."

"मालक त्यातून कट घेत होता?"

 उत्तर माझ्या चेहऱ्यावरच दिसले असावे. त्यांनी फौजीकडे पाहून विचारले, की हे म्हणतात ते खरे का? त्याला नाही म्हणता आले असते. तसे म्हटले असते, तर भर कोर्टात मी खोटा ठरलो असतो.

"व्हय सायेब," तो म्हणाला. "त्ये खोटं बोलायचे न्हाईत."

शिक्षा किरकोळ दंडाची. त्याचा दंड त्याने मला भरू दिला नाही. पायऱ्या उतरताना मी अपिलाचे बोलू लागलो, तेव्हा तो एवढेच म्हणाला, "चला, च्या घिऊ." चहा आम्ही उभ्यानेच प्यालो. दाखल्याचा अर्ज नामंजूर होऊन आला. लोणंदची जागा दुसऱ्या कोणाला गेली. फौजी भावाकडेच राहिला.

मी पत्रे लिहीत सुटलो. ज्या घरातून मालक कट घेतो तिथला कौशल्याचा खेळही जुगार ठरवणारा कायदा अन्यायाचा आहे, असे माझे तेव्हा मत होते आणि आजही आहे. माझे म्हणणे बरोबर आहे. त्याचा फौजीला काडीचाही उपयोग झाला नाही.

पुढे बऱ्याच महिन्यांनी, कोर्टाच्या आवारात लिंबाखाली, दोन आण्यांत अर्ज लिहून देणाऱ्या माणसासमोर तो उकिडवा बसलेला दिसला. सांगून लिहून घेत होता. त्याने देऊ केले तरी अर्जाचे पैसे मी कधी घेतले नव्हते. मी जवळ गेलो. त्याने वर पाहिले आणि अर्धा लिहिलेला कागद त्या माणसाच्या हातून घेऊन मांडीवर पालथा ठेवला.

"बरं हाय न्हवं, छोटे वकील?"

बरे आहे, असे मी म्हणालो. अर्ज कोणाच्या नावे आहे, कशासाठी आहे, आण इकडे, मी पाहतो, हे सगळे जिभेवर आले होते. त्या खेपेस मी बोललो नाही.