आरपार नवरदेव

चहा खाली ठेवा बुवा, नाहीतर ठसका लागेल! हुशार माणूस स्वतःची फजिती किती थाटात करून घेतो, ते सांगतो.

वर्धा तेव्हा मध्य प्रदेशात होतं आणि मी देवळीच्या शाळेत विज्ञानाचा मास्तर. नालवाडीच्या गुलाबरावजींची शांता पाहून आलो होतो. मुलगी मनात भरली होती, खोटं कशाला बोलू? पण त्यांच्या घरात शेवटचा शब्द शांताच्या वडनेरच्या आत्याबाईंचा. गुडघ्यांमुळे त्यांना प्रवास होत नसे. त्यांनी निरोप धाडला, "पोराचा फोटो पाठवा. पाहीन, मंग सांगीन."

गुलाबरावजी म्हणाले, "मास्तर, वर्ध्याच्या स्टुडिओत काढून घ्या ना."

स्टुडिओ? आणि मी? अहो, बिस्किटाच्या डब्याला सुईनं भोक पाडून, आतून काळा रंग फासून मी स्वतःचा कॅमेरा बनवला होता! भिंग नाही, काही नाही. उजेड भोकातून सरळ शिरतो आणि समोरचं चित्र आतल्या फोटोच्या कागदावर उलटं उमटतं. फक्त चार मिनिटं हलायचं नाही.

गुलाबरावजींच्याच अंगणात स्टुलावर डबा ठेवला. भोकावरची पट्टी काढली आणि समोरच्या खुर्चीत ताठ बसलो. माझ्यामागं त्यांची म्हैस बसली होती. एक मिनिट झकास गेलं. तेवढ्यात शेजारचे किसनबुवा कुंपणावरून म्हणाले, "काऊन मास्तर, भिंग नाई त फोटो कसा येते?"

आता तुम्हीच सांगा, शिक्षकानं प्रश्न असा वाऱ्यावर सोडावा? उठलो. समजावलं.

"अन् उलटा काऊन?"

काडीनं मातीत आकृती काढून तेही समजावलं. मग ऐटीत जाऊन पट्टी लावली. कागद वर्ध्याच्या एका मित्राकडे धुवून छापायला दिला. तिथून गुलाबरावजींनी फोटो परस्पर वडनेरला नेला. मी पाहिलासुद्धा नाही. गरजच काय होती?

तिसऱ्या दिवशी वडनेरहून तातडीचं बोलावणं! गेलो, तर गुलाबरावजी तिथंच बसलेले. आत्याबाईंनी आधी माझ्या दंडाला करकचून चिमटा काढला.

"हाडामासाचा त दिसते," असं म्हणत त्यांनी फोटो पुढ्यात आपटला.

खुर्ची स्पष्ट. म्हैस शिंगांसकट स्पष्ट. आणि मी? नुसता धूर! माझ्या छातीतून खुर्चीच्या पट्ट्या मोजता येत होत्या.

"काऊन रे गुलाब, भुताले पोरगी देऊन राह्यला होता काय?"

शांता हातची जाते की काय! पण विज्ञान माझ्या बाजूनं होतं ना? म्हटलं, "आत्याबाई, भूतबीत काही नाही. मी मधेच बोलायला उठलो, आणि जो जागचा उठतो तो नीट उमटत नाही." आणि जो सुरू झालो! सूर्य झाला, उजेड झाला, भोक झालं, कागदावरचा मसाला झाला. समोरचा चहा गार होऊन त्यावर साय धरली.

शेवटी आत्याबाईंनी हात वर केला. "म्हंजे चार मिनिटं चूप बसता नाई आलं तुले?"

"नाही," मी म्हणालो.

"गुलाब, पोरगी देऊन टाक," त्या भावाला म्हणाल्या. "पण शांतीले आधीच सांगून ठेव. भूत असता त बरं होतं, थे चूप त राह्यते."