बंद स्टेशनची तिकीटखिडकी

आमच्या गावच्या बंद स्टेशनच्या तिकीटखिडकीत गांधीलमाश्यांनी पोळं केलंय. हात जाईल एवढंच ते भोक, पण माझा हात त्यात कधी गेला नाही. गाडीचा गार्ड गावचा जावई होता. सासुरवाडीच्या माणसांना तो तिकीट कसं विचारणार? सगळं गाव फुकट फिरायचं, आणि त्याचा आम्हाला अभिमानच होता. तिकिटं खपत नाहीत म्हणजे इथून कुणी जातच नाही, असं रेल्वेने धरलं आणि गाडी थांबायची बंद झाली. एखादी जागा वापरून वापरूनही संपवता येते, हे तेव्हा कळलं नाही.

पुढच्याच पावसाळ्यात वहिनीला कळा सुरू झाल्या. ओढ्याला पूर आला होता, रस्ता बंद होता. गाडी पुलावरून आली आणि न थांबता निघून गेली. वहिनी घरातच गेली, पोटातल्या बाळासकट.

"सरकारनं मारलं तिला," असं दादा अजून म्हणतो. इतकी वर्षं मी नुसती मान हलवत आलो. आज त्याच फलाटावर बसून म्हणालो, "दादा, सरकारनं नाही रे. आपण कधी तिकीटच काढलं नाही."



"तिनं काढलं होतं," दादा म्हणाला. "नवीन नांदायला आली तेव्हा. आपण दोघं हसलो होतो तिला."