ध्रुवाचा बर्फ आणि शनिवारचा शेंदूर

आमच्या घराण्यात कॉलेज पास झालेली मी पहिली, आणि हे मी अजूनही कुणी न विचारता सांगते. बी.एस्सी. झाले तेव्हा आईने मानपाड्याच्या आमच्या चाळीत पेढे वाटले. विषय विचारणाऱ्या प्रत्येकीला तिने 'केमिस्ट्री' असं ठसक्यात सांगितलं. पुढे काही विचारायची कुणाची छाती झाली नाही.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी कोलशेतच्या एका प्रयोगशाळेत लागले. काम कारखान्यांचं सांडपाणी तपासायचं. एकदा आमच्या सरांचे एक मित्र दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेवरून आले आणि तिथला बर्फ बाटल्यांत भरून देऊन गेले. धुरातलं शिसं वाऱ्यावर कुठल्या कुठे जातं, बर्फाबरोबर खाली पडतं आणि तिथेच थरात राहतं. ते किती, हे मोजायचं होतं. सरांनी काम माझ्याकडे दिलं. मी हवेतच होते.

बर्फाला हात लावण्याआधी 'कोरं पाणी' तपासायचं, हा नियम. भांडी तीच, आम्ल तेच, फक्त बर्फाऐवजी अतिशुद्ध पाणी. त्यात शिसं जवळजवळ नसायलाच हवं. माझ्या पाण्यात सापडत होतं. भांडी पुन्हा पुन्हा आम्लात बुडवली, हातमोजे बदलले, तरी तेच. माझ्या सहकाऱ्याने केलं की कोरं यायचं.

"या शनिवारपर्यंत बघू," सर म्हणाले. "नाहीतर बाटल्या दुसऱ्या लॅबला देऊ. बर्फ वाया गेला तर परत आणायला कोण जाणार, तू?"

त्याच दुपारी मी डोक्यावरची कापडी टोपी काढली आणि सर माझ्याकडे बघतच राहिले. टोपीच्या कडेला आतून केशरी पट्टा उमटला होता.

"अगं, हे काय आहे?"

शेंदूर. नोकरी लागल्यापासून आई शनिवारी मारुतीच्या देवळातून शेंदूर आणायची, डबीत ठेवायची आणि रोज निघताना माझ्या कपाळावर बोट टेकवायची. घाम आला की मी मनगटाने कपाळ पुसायचे आणि तोच हात भांड्यांवरून फिरायचा. शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. पण ते परीक्षेतलं. हा आईचा होता.

घरी येऊन सांगितलं. आई भाकऱ्या थापत होती.

"म्हंजी देवाचा शेंदूर वंगाळ?"

"सगळा नसेल, पण हा शिशाचाच असणार. ते अंगाला चांगलं नाही."

"आन् मारुतीला?"

"तो दगडाचा आहे, त्याला काय होतंय."

"ते बी खरं." तिने तव्यावरची भाकरी उलटली. "मग मोकळ्या कपाळानं जायाची कामाला?"

"टिकली लावीन की. लॅबमध्ये शिरताना काढेन."

आईने स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. मग परातीतल्या पिठाकडे. उठली, मोरीत जाऊन साबणाने हात घासून आली आणि पीठ नवीन घेतलं. दुसऱ्या दिवशी डबी घरात नव्हती.

शनिवारी सकाळी डोक्यावरून न्हाऊन निघाले तर आई दारात उभी. हात ओला, साबणाचा वास येत होता. तिने रिकामं बोट माझ्या कपाळावर टेकवलं, नेहमीच्याच जागी.

"ह्यात कायबी न्हाई. जा."

कोरं पाणी कोरं आलं. सरांनी बर्फाच्या बाटल्या ठेवलेल्या खणाची किल्ली माझ्यासमोर ठेवली. संध्याकाळपर्यंत बर्फाचे आकडे हाती आले. थोडंसं, अगदी कणभर, पण कोऱ्या पाण्यापेक्षा जास्त. बर्फात शिसं होतं.

"आपलं न्हाई ना त्यात?" घरी पाय ठेवताच आईने विचारलं.

"नाही. बर्फातलंच."

"तिथं मारुतीचं देऊळ हाय?"

"देऊळ नाही, गाव नाही. माणसंच नाहीत म्हण ना."

"मग आलं कुठनं?"

"गाड्यांच्या, कारखान्यांच्या धुरातून."

खिडकीतून कारखान्यांची धुराडी दिसायची. आई तिकडे बघत राहिली.

"इतक्या लांब," ती म्हणाली, आणि माझं ताट वाढण्याआधी पुन्हा एकदा हात धुवून आली.