झेलायची ओळ
अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे ओले झाले की जो कोंदट वास येतो, त्याने मला नंदुरबारचा तो स्टुडिओ आठवतो. आवाज घुमू नये म्हणून त्याच्या भिंतींना नवापूरहून आणलेले असेच ट्रे वरपासून खालपर्यंत चिकटवले होते. माझी मोठी जाऊ हळदीची गाणी म्हणायची. तिने ओळ सोडायची आणि मी झेलायची, ही मी लग्न होऊन आल्यापासूनची आमची रीत. एका लग्नात स्टुडिओवाल्याने आम्हाला ऐकलं आणि याचं डीजेवर वाजणारं गाणं करू म्हणाला. दोघी नव्या साड्या नेसून गेलो. माइक एकच, म्हणून मला काचेबाहेर बसवलं. जावेने पहिली ओळ म्हटली आणि सवयीने थांबून माझ्याकडे बघितलं. "काकू, थांबू नका, पुढलं कॉम्प्युटर करी लई," स्टुडिओवाला म्हणाला; म्हणजे माझी ओळ कॉम्प्युटरच करून घेणार. मग त्याने गाणं वाजवून दाखवलं. खाली ढोल धडधडत होता आणि तिच्या ओळीला तिचाच आवाज उत्तर देत होता. तिने हेडफोन काढले. "दोन्ही बी मीच शे ना! तू कोठे शे वं?" सगळे हसले. मीही हसले; हसण्यासारखं काय होतं, देव जाणे. गाणं मात्र गावोगाव वाजलं. परवा तिच्या नातीच्या हळदीलाही डीजेवाल्याने तेच लावलं. आम्ही दोघी पिवळ्या हातांनी शेजारी बसलो होतो. ओळ संपली, तिने माझ्याकडे बघितलं, मी तोंड उघडलं, आणि स्पीकरमधून तीच गायली.